स्टिअरिंग उजवीकडे, रस्ताही उजवीकडचा

मामाचा फोन रात्री साडेअकराला आला. त्याच्याकडे न्यू जर्सीत भरदुपार. "तू नेटवर लिहितेस ना, मग मला एक शोधून दे. उजवीकडे स्टिअरिंग असलेली जुनी गाडी इथे अमेरिकेत घेतली तर मी वेडा ठरेन का?" मागून मामीचा आवाज आला, "हो म्हणून सांग तिला!"

थोडं मागचं सांगते. मामा पुण्यात आजोबांच्या प्रीमियर पद्मिनीवर गाडी शिकला. स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा, तो डाव्या हाताने ओढायचा, आणि गिअर पडला की आजोबांनी "हं" म्हणायचं. नंतर तो अमेरिकेला गेला, गाडी विकली गेली, आणि गेली वीसेक वर्षं तो डावीकडे बसून, उजव्या बाजूने, ऑटोमॅटिक गाडी चालवतोय. आता मुलगा कॉलेजला गेलाय, गॅरेजमध्ये एक जागा रिकामी झालीये, आणि मामाला त्या जागेत मिनी दिसते. नवी नव्हे, जुनी. दहा फुटांची, दोन दारांची, मिस्टर बीनमुळे आपल्या सगळ्यांच्या ओळखीची.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं कुणी ना कुणी अमेरिकेत, कॅनडात किंवा जर्मनीत असेल. त्यातल्या एखाद्याच्या डोक्यात हे खूळ शिरलंच, तर हा लेख त्याला पाठवून द्या.

आधी कायद्याचं, कारण मामाला वाटत होतं की अशी गाडी तिथे चालवताच येत नाही. तसं नाहीये. स्टिअरिंग कुठल्या बाजूला आहे यावर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात बंदी नाही. तिथल्या पोस्टमनच्या गाड्यांचं स्टिअरिंग तर मुद्दामच उजवीकडे असतं, म्हणजे खाली न उतरता रस्त्याकडेच्या टपालपेटीत पत्र टाकता येतं. अडचण असते ती वयाची. परदेशात विकण्यासाठी बनलेली गाडी अमेरिकेच्या सुरक्षा नियमांत बसत नाही, आणि त्या नियमांतून सूट मिळते ती गाडी बनल्याला 25 वर्षं पूर्ण झाली की. धुराच्या नियमांसाठी 21 वर्षं पुरतात, पण गाडी मूळ स्वरूपात हवी. कॅनडात 15 वर्षांची अट आहे, म्हणून काही गाड्या तिकडे दहा वर्षं आधीच फिरायला लागतात आणि सीमेपलीकडचे लोक त्या बघत बसतात.

मिनीची गंमत अशी की ती 1959 ते 2000 अशी एक्केचाळीस वर्षं बनत राहिली, पण अमेरिकेत तिची विक्री 1967 नंतर थांबली. पुढच्या वर्षीपासून लागू होणारे नियम तिला झेपणारे नव्हते. शेवटची जुनी मिनी ऑक्टोबर 2000 मध्ये कारखान्यातून बाहेर पडली. म्हणजे ऑक्टोबर 2025 मध्ये तिचीही पंचविशी झाली आणि आता एकूण एक जुनी मिनी या सवलतीत बसते. मामाचा फोन नेमका आत्ताच का आला, ते यावरून कळेल.

या गाड्या बऱ्याचदा येतात त्या जपानमधून. इंग्लंडची गाडी जपानमधून कशी? तर नव्वदच्या दशकात जपानी लोकांना मिनीचं इतकं वेड लागलं होतं की ती सर्वात जास्त तिथेच खपत होती. जपानही आपल्यासारखाच डाव्या बाजूने चालतो. (तरीही त्या काळात तिथल्या काही हौशी श्रीमंतांना युरोपातल्या गाड्या मुद्दाम डावीकडच्या स्टिअरिंगच्या हव्या असायच्या. परदेशी आहे हे लोकांना दिसलं पाहिजे ना! टोलनाक्यावर ते काय करायचे, देव जाणे.)

जपानी लिलावातली गाडी घेताना सोबत एक कागद मिळतो, त्यावर गाडीचा नकाशा असतो. पत्रिका जुळवताना बघतो तसाच तो बघायचा. 'ए' म्हणजे ओरखडा, 'यू' म्हणजे पोचा, 'डब्ल्यू' म्हणजे पत्रा ठोकून रंगवल्याची खूण, आणि 'एस' म्हणजे गंज. ओरखडे आणि पोचे सोडून द्या. मिनीच्या बाबतीत शोधायचा तो 'एस'. दारांखालच्या पट्ट्या, पायाखालचा पत्रा आणि मागची चाकं ज्या चौकटीवर बसतात ती चौकट, या तीन जागी गंज लागला की वरून कितीही चकचकीत रंग दिला तरी गाडी आतून पोखरत जाते. मिनीचे सुटे भाग आजही मिळतात, हा तिचा मोठा गुण. पण पत्रा कापून नवा जोडण्याची मजुरी अमेरिकेत भागापेक्षा कितीतरी महाग पडते.

दुसरी गोष्ट मी मामाला दोनदा सांगितली. चासी नंबर आणि गाडी एकमेकांशी जुळतात का, हे जाणकाराकडून तपासून घे. पंचविशीची अट चुकवण्यासाठी जुन्या मिनीचा नंबर नव्या मिनीवर चढवायचे प्रकार भरपूर झालेत. अमेरिकन कस्टम्सने अशी एक मिनी पकडून यंत्राखाली चुरगाळली आणि त्याचा व्हिडिओही लोकांसमोर ठेवला होता. आता सगळ्याच जुन्या मिनींना सूट आहे, पण पूर्वी खोट्या कागदांवर आत आलेल्या गाड्या आजही हातोहात विकल्या जातायत, आणि पकडली गेली तर गाडी ज्याच्या दारात उभी आहे त्याची जाते. म्हणून तिथल्या तिथे कुणाकडून घेतली तरी आयातीची मूळ कागदपत्रं मागायची, एचएस-7 आणि 3520-1 हे दोन फॉर्म धरून. विकणारा "ती काय, मिळून जातील" म्हणाला तर चहा पिऊन उठायचं.

खर्चाचा आकडा मी देणार नाही. गाडीची किंमत, जहाजाचं भाडं, कस्टम्स ब्रोकरची फी, बंदरातून घरापर्यंतची वाहतूक, हे सगळं मिळून होतं. आयातशुल्क तर अलीकडे इतक्यांदा बदललंय की जहाज सुटायच्या आधी ब्रोकरकडून त्या आठवड्याचा दर लेखी घेतलेला बरा. राज्याच्या नोंदणी खात्यालाही आधीच विचारायचं, कारण केंद्राने आत सोडलेली गाडी राज्य नोंदवून घेईलच असं नाही. जपानच्या चिमुकल्या 'के' वर्गातल्या गाड्यांना काही राज्यांनी नाही म्हटलेलं आहे. युरोपात राहणाऱ्यांचं थोडं सोपं आहे. पोलंड आणि लिथुआनिया नोंदणीसाठी स्टिअरिंग डावीकडे हलवायला लावायचे, पण युरोपीय न्यायालयाने 2014 मध्ये ती अट चुकीची ठरवली.

आता खरा प्रश्न. चालवायची कशी?

मामाला काळजी होती गिअरची. त्याची अजिबात नको. क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर यांचा क्रम दोन्हीकडे तोच असतो, आणि डावा हात दोन दिवसांत शिकतो. मामाच्या डाव्या हाताला तर नुसती आठवण करून द्यायची आहे.

अवघड आहे ते आपण रस्त्यात कुठे आहोत हे कळणं. वीस वर्षं डावीकडे बसून त्याच्या अंगात मुरलंय की आपण रस्त्याच्या मधल्या रेघेजवळ बसतो आणि बाकीची गाडी आपल्या उजवीकडे असते. उजवीकडच्या सीटवर बसल्यावरही शरीर तीच जागा शोधतं. माणूस आपल्या नेहमीच्या जागी, रेघेजवळ येतो, आणि त्याच्या डावीकडे असलेली उरलेली गाडी रेघेपलीकडे, समोरून येणाऱ्यांच्या वाटेत जाते. हे कळतही नाही, कारण आपल्याला सगळं बरोबरच वाटत असतं. यावर उपाय एकच. पहिले काही दिवस डाव्या आरशात ती रेघ सतत बघत राहायची आणि आपण स्वतः फुटपाथला घासून चाललोय असं वाटलं तरी घाबरायचं नाही. तीच आपली जागा.

त्याहून मोठी भानगड ओव्हरटेकची. आपल्याकडे ट्रकच्या मागे असलो की किंचित उजवीकडे सरकून पुढे बघतो. तिथे ओव्हरटेक डावीकडून करायचा आणि आपण बसलोय उजवीकडे. पुढचं काहीही दिसत नाही. ट्रकचा मागचा दरवाजा दिसतो, बस्स. बघायचं तर जवळजवळ अख्खी गाडी समोरच्या लेनमध्ये न्यावी लागते.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. स्वीडनमध्ये एकेकाळी हाच घोळ आरशातल्यासारखा उलटा होता. वाहतूक डाव्या बाजूने, पण बहुतेक गाड्यांचं स्टिअरिंगही डावीकडे. अरुंद रस्त्यांवर ओव्हरटेक करताना समोरासमोर धडका व्हायच्या. शेवटी 3 सप्टेंबर 1967 रोजी पहाटे पाच वाजता सगळ्या देशाने बाजू बदलली आणि उजवीकडून चालायला लागला. त्या निर्णयामागे इतरही कारणं होती, शेजारचे देश उजव्या बाजूचे होते वगैरे, पण एका देशाला हे त्रासदायक वाटलं होतं एवढं मामाने लक्षात ठेवावं. (आपल्या कायद्यातही याची दखल आहे. मोटार वाहन कायदा, 1988, कलम 120: डावीकडे स्टिअरिंग असलेली गाडी भारतात चालवायची तर तिला चालू स्थितीतलं इशारा देणारं यंत्र हवं.)

हायवेला लागतानाही तेच. उतारावरून येऊन डावीकडच्या वाहतुकीत घुसायचं असतं आणि डावा मागचा कोपरा आपल्यापासून सगळ्यात लांब. डावीकडे चांगला मोठा, बहिर्गोल आरसा लावून घेणं ही हौस नाही, गरज आहे. हेडलाइटही बदलायचे. डाव्या बाजूच्या रस्त्यांसाठी बनलेला दिवा डिपरवरही डावीकडे थोडा वर झोत टाकतो, म्हणजे अमेरिकेत नेमका समोरच्याच्या डोळ्यांत. मिनीचे दिवे सात इंची गोल, सर्रास मिळणाऱ्या मापाचे आहेत, त्यामुळे हे काम स्वस्तात होतं. ते पहिल्याच दिवशी करायचं.

पार्किंगचं तिकीट आणि खिडकीतून मिळणारी कॉफी डाव्या बाजूला येते. मामा म्हणाला, "मामी आहे ना." मामी म्हणाली, "मी नाही."

मग स्टिअरिंगच हलवून घ्यावं का? होतं तसं. अमेरिकेत विकल्या गेलेल्या कितीतरी जग्वार ई-टाइप पुढे इंग्लंडला परत गेल्या आणि त्यांची स्टिअरिंगं उजवीकडे बसवली गेली. पण स्टिअरिंग आणि ब्रेक या दोन गोष्टी कुणा अर्धवट माणसाने उघडाव्यात असं मला वाटत नाही, आणि चांगला माणूस जे पैसे घेईल त्यात थोडी भर घालून डावीकडच्या स्टिअरिंगची मिनी मिळेल. आणि मामाच्या दृष्टीने मग उरलं काय?

माझं मत विचाराल तर घरातली दुसरी किंवा तिसरी गाडी म्हणून, रविवारी सकाळी गावातल्या गावात फिरायला, जरूर घ्यावी. रोज हायवेने ऑफिसला जायला घेऊ नये. दोन पदरी, एकेरी लेनच्या रस्त्यांच्या गावात राहत असाल तर दहादा विचार करावा. आणि विचार करताना चालवणाऱ्यापेक्षा शेजारी बसणाऱ्याचं आधी ऐकावं. धडक होईल तर समोरच्या गाडीच्या जवळ तो बसलेला असतो. फुटपाथला गाडी लावल्यावर वाहत्या रस्त्यात दार उघडून उतरावं लागतं तेही त्यालाच. शिवाय नव्वदच्या दशकातली मिनी म्हणजे आजच्यासारखं भोवतीने एअरबॅगांचं कवच नाही, आणि समोरून येतो तो अडीच टनांचा पिकअप.

हे सगळं ऐकल्यावर मामाने एक शहाणपणाची गोष्ट केली. त्याच्या ओळखीच्या एकाकडे उजवीकडच्या स्टिअरिंगची जुनी जपानी गाडी आहे. ती एका रविवारी मागून घेतली आणि मामीला शेजारी बसवून दोघं गावाबाहेरच्या रस्त्याने तासभर फिरून आले. वाटेत पुढे दुधाचा टँकर लागला. मामाने विचारलं, "मोकळं आहे का गं?" मामीने मान बाहेर काढून बघितलं. "नाही." जरा वेळाने परत. "नाही." तिसऱ्यांदा रस्ता लांबपर्यंत रिकामा होता, हे तिने मला स्वतः फोनवर सांगितलं. तरी ती "नाही" म्हणाली. चौथ्यांदा मामाने विचारलंच नाही. नऊ मैल तो टँकरच्या मागे, तिसऱ्या गिअरमध्ये, काचा खाली करून चालवत राहिला. मामी म्हणते, तो गुणगुणत होता.

गेल्या आठवड्यात त्याने मला लिलावाचा एक कागद पाठवलाय. हिरवी मिनी, 1997 ची. ओरखडे चार, पोचा एक. डाव्या दाराखाली पेनाने काहीतरी लिहिलंय, ते 'एस' आहे की पाच हा आकडा, यावर आमचं तिघांचं एकमत होत नाहीये. मामीने त्या जागेचा जवळून काढलेला फोटो मागवलाय.