चाळीस दिवसांचा नेम घराघरांत ठरावा

वसईतल्या ऐंशी ओलांडलेल्या माणसांना अजून आठवते. रविवारी कम्युनियन घ्यायचे तर आदल्या मध्यरात्रीपासून अन्नाचा कण पोटात जायचा नाही, पाण्याचा घोटही नाही. चूळ भरताना पाणी गिळले गेले की लहान पोर रडवेले होऊन आईकडे धावायचे. १९५३ साली पोप बारावे पायस यांनी पाण्याची मुभा दिली. १९५७ साली मध्यरात्रीची अट तीन तासांवर आली आणि १९६४ साली पोप सहावे पॉल यांनी ती एका तासावर आणली. आता घरातून निघताना चहा-बटर खाल्ले, तरी चर्चला पोहोचून प्रवचन संपेपर्यंत तास सहज भरतो.

उपवासकाळाचेही असेच झाले. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत ४६ दिवस. त्यांतले सहा रविवार वजा केले की ४० उरतात. एके काळी हे सगळे दिवस एकवेळ जेवून काढणारी घरे होती. १९६६ साली नियम सैल झाले. आज कॅथलिकांना सक्तीचे उपवास दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. तेही वयाची १८ वर्षे पूर्ण झालेल्यांपासून साठाव्या वर्षात पाऊल टाकेपर्यंत. मांसवर्ज्य वयाची १४ वर्षे पूर्ण झाल्यापासून. सूट देताना चर्चने एक गोष्ट बजावली होती: प्रायश्चित्त संपलेले नाही, त्याचे रूप आता ज्याने-त्याने प्रार्थनेत, दानात आणि स्वतःच्या त्यागात शोधावे. सूट सगळ्यांच्या लक्षात राहिली. बजावलेले मात्र कुणाच्या गावी नाही. शुक्रवारी मटण चालत नाही म्हणून पापलेट आणायचे आणि ते मटणापेक्षा महाग पडले तरी ‘उपवास पाळला’ म्हणायचे, हा प्रकार घरोघरी चालतो.

म्हणूनच हे आवाहन. येत्या उपवासकाळात प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबाने एकत्र बसून आपला एक नेम ठरवावा, तो पाळायला घराबाहेरचा एक सोबती निवडावा आणि त्यातून वाचलेला पैसा गरजवंताच्या हाती पोहोचवावा. वसई-पालघरच्या धर्मग्रामांना ही विनंती आहेच, पण नगर, जालना, सोलापूर, कोल्हापूरच्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांनाही आहे. त्यांच्यापैकी अनेकांच्या पंचांगात सक्तीचा उपवास कधी नव्हताच, त्यामुळे स्वतःचा नेम स्वतः बांधण्याची सवय खरे तर त्यांना अधिक असायला हवी.

ज्या पत्राचा दाखला या विषयावर हमखास दिला जातो, ते पौलाने करिंथकरांना लिहिलेले पहिले पत्र. त्याच्या नवव्या अध्यायात तो धावपटूंची आठवण देतो. ज्यांना तो लिहीत होता त्यांना हे समजावून सांगावे लागत नव्हते. करिंथ शहराला लागूनच दर दोन वर्षांनी इस्थमियाचे खेळ भरत आणि जिंकणाऱ्याला मुकुट मिळे तो पाइनच्या डहाळ्यांचा किंवा सुकलेल्या सेलरीच्या पानांचा. पौल या शहरात दीड वर्ष राहिला. ऑलिंपिकला उतरणाऱ्यांना तर आधी दहा महिने रीतसर सराव केल्याची शपथ घ्यावी लागे. चार दिवसांत कोमेजणाऱ्या पानांसाठी माणसे एवढी झिजतात, हे पाहून पौल ख्रिस्ताच्या अनुयायांकडून अपेक्षा करतो ती सरावाची, एकदाच्या पराक्रमाची नव्हे. त्याच पौलाने गलतीकरांच्या पत्रात संयमाला आत्म्याच्या फळांत बसवले आहे. माणसाने दात-ओठ खाऊन कमावलेली ती मिळकत नाही. पण कृपेवर भरवसा आहे म्हणून गजर लावायचा नाही, हा अर्थ त्याच्या पत्रांतून काढता येत नाही.

सराव एकट्याने टिकत नाही, हे मेथडिस्ट चळवळ उभारणाऱ्या जॉन वेस्लीच्या लोकांना जवळजवळ अपघाताने कळले. १७४२ साली ब्रिस्टलमध्ये त्यांच्या सभागृहावर कर्ज होते. फेडायचे कसे, यावर बैठक बसली. कॅप्टन फॉय नावाच्या सभासदाने सुचवले की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कुणीतरी म्हणाले, अनेकांना तेवढेही परवडत नाही. त्यावर फॉय म्हणाला, सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्या वाट्याला द्या. ते देऊ शकले नाहीत तर त्यांचे मी भरीन. असे बारा-बारांचे गट पडले आणि प्रत्येक गटाचा प्रमुख दर आठवड्याला घरोघर पेनी गोळा करत फिरू लागला.

फिरताना त्यांना भलतेच दिसू लागले. कुठे नवरा पिऊन पडलेला, कुठे भांडण जुंपलेले, कुठे प्रार्थना कधीच बंद पडलेली. ही खबर वेस्लीकडे आली तेव्हा त्याने ओळखले की, कर्जवसुलीच्या निमित्ताने हवी तीच व्यवस्था हाती लागली आहे. पुढे घरोघर फिरण्याऐवजी गट एकत्र बसू लागला, कारण धन्यासमोर नोकराला मोकळे बोलता येत नसे. दर आठवड्याला प्रत्येकाने आपला हिशेब सांगायचा: काय जमले, कुठे घसरलो. दर तीन महिन्यांनी तिकीट मिळे आणि ते नसेल तर सभेत प्रवेश नसे. १७४३ सालच्या नियमावलीत दारू पिऊन झिंगणेच नव्हे, तर कडक दारूची खरेदी-विक्रीही वर्ज्य होती. १८७१ साली मेथडिस्ट प्रचारक विल्यम टेलर मुंबईत आला तेव्हा त्यानेही घराघरांत असेच लहान गट बसवले. आजच्या मंडळ्यांत महिला मंडळ असते, तरुण संघ असतो, वार्षिक सभा असते. पण ‘या आठवड्यात तुझे कसे गेले?’ असे विचारणारे बारा जणांचे वर्तुळ फारसे कुठे आढळत नाही. ते पुन्हा बसवायला कोणत्याही बिशपची परवानगी लागत नाही.

दारूचा विषय निघालाच आहे तर तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आपल्याकडे असे कितीतरी पुरुष आहेत की, जे राखेच्या बुधवारी बाटली खाली ठेवतात, चाळीस दिवस शब्द पाळतात आणि ईस्टरच्या दुपारी थकबाकीसह वसूल करतात. त्यांच्या चाळीस दिवसांना नावे ठेवायचे कारण नाही. बिनदारूचा दीड महिना त्यांच्या बायकामुलांनी पाहिलेला असतो, आणि तो शक्य आहे हेही. अडचण पुढे येते. उपवासकाळात लग्ने होत नाहीत. ईस्टर सरला की लग्नसराई. हळदीच्या रात्री डीजे, मांडवामागे टेबल, टेबलावर बाटल्या. नको म्हणणाऱ्यालाही पाहुणे आग्रहाने ओततात. यजमानाने कर्ज काढलेले असते ते निम्मे या टेबलासाठी, कारण टेबल नसेल तर भावकी काय म्हणेल! तेव्हा नेम ठरवताना मे महिन्याचाही विचार व्हावा. ज्यांच्या घरी यंदा लग्न आहे त्यांनी बिनदारूची हळद करायचे आताच, उपवासकाळात, जाहीर करून टाकावे. एका आळीत तीन घरांनी असे केले की चौथ्याला भावकीची भीती राहत नाही.

दारू सोडण्याचा नेम आपल्याकडे नवा नाही. मुक्तिफौजेची (साल्व्हेशन आर्मीची) माणसे १८८२ साली मुंबईत उतरली. त्यांच्या सैनिकाला भरती होतानाच दारू आणि तंबाखू सोडल्याचा करार करावा लागतो, आणि नगर जिल्ह्यातल्या अनेक ख्रिस्ती घराण्यांना ही शिस्त पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस १९३५ साली अमेरिकेतल्या अॅक्रनमध्ये सुरू झाले आणि १९५७ पासून भारतात आहे. त्यांचाही कणा तोच, आपल्यासारख्याच दुसऱ्यासमोर नियमाने बसून खरे बोलणे. मात्र एक इशारा इथे द्यायलाच हवा. रोज भरपूर पिणाऱ्याने नवसापोटी एका दिवसात दारू बंद केली, तर हातपाय थरथरणे, भ्रम, झटके येऊ शकतात आणि त्यात जीवही जातो. अशा माणसाने आधी डॉक्टर गाठावा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी जेवण सोडून उपवास करू नये. चर्चने त्यांना सूट दिलेलीच आहे. त्यांच्यासाठी दुसरे नेम पुष्कळ आहेत.

उदाहरणार्थ, फोन. सध्या बहुतेक घरांत सर्वांत अवघड उपवास हाच ठरेल. संध्याकाळच्या जपमाळेला सगळे गुडघे टेकतात, आणि दुसऱ्या रहस्यावर कुणाच्या तरी खिशात थरथर सुरू होते. आई डोळे वटारते, मुलगा फोन उलटा ठेवतो, तिसऱ्या रहस्याला पुन्हा सुलटा करतो. ‘कमी वापरीन’ असा संकल्प आठवडाभरही चालत नाही, कारण कमी म्हणजे किती ते ठरलेले नसते. त्याऐवजी वेळ आणि जागा ठरवावी. रात्री नऊ वाजता घरातले सगळे फोन, आजोबांचासुद्धा, स्वयंपाकघरातल्या फळीवर चार्जिंगला लागतील आणि सकाळची प्रार्थना होईपर्यंत तिथेच राहतील. गजरासाठी शंभर-दीडशे रुपयांचे घड्याळ आणावे. घरात आजारी माणूस असेल तर एक फोन चालू ठेवावा, त्यावर इंटरनेट बंद. मुलांना नियम लावून आईबापांनी स्वतः अंथरुणात स्क्रोल करत बसू नये. मुले हे लगेच टिपतात आणि तोंडावर बोलूनही दाखवतात.

आता पैसा. ऑक्सफर्डमध्ये असताना वेस्लीचे वार्षिक उत्पन्न ३० पौंड होते. २८ पौंडांत भागवून दोन त्याने दान केले. पुढच्या वर्षी उत्पन्न ६० झाले, तरी खर्च २८ आणि दान ३२. मग ९० झाले, खर्च तोच. पगार वाढला की खर्चही वाढलाच पाहिजे, हे त्याने मान्यच केले नाही. आपल्याकडच्या रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या हातीही पैसा टिकत नसे, पण तिथे हिशेबाचे नाव नव्हते आणि संसाराची ओढाताण पत्नी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आली. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना ती चांगलीच परिचित आहे. हात सैल असणे आणि हात शिस्तीचा असणे यांत फरक आहे, आणि तो घरातल्या बाईला आधी कळतो. उपवासातून वाचलेल्या पैशाचे काय करायचे, हे यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात स्पष्टच आहे. भुकेल्याला भाकर आणि बेघराला आसरा न देणारा उपवास देवाला नको आहे. रोज ५० रुपये सिगारेटवर किंवा बाहेरच्या खाण्यावर जात असतील, तर ४० दिवसांचे २,००० होतात. एका मुलाच्या वह्या, दप्तर आणि पावसाळी बूट एवढ्यात येऊ शकतात. हा पैसा डब्यात रोजच्या रोज पडावा. महिनाअखेरीस ‘बघू’ म्हटले की तो उरत नाही.

शिस्त म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर आंबट चेहरा येतो. पंडिता रमाबाईंचे केडगाव त्यांनी आठवावे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या मुली हातमागावर बसल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. बाई स्वतः शेवटपर्यंत शाकाहारी राहिल्या, पांढऱ्या साध्या पातळात वावरल्या. साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत पवित्र शास्त्र आणायचे म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अनेक वर्षे भाषांतर करत राहिल्या. ऐकू येईनासे झाले होते, प्रकृती ढासळली होती, १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. काम थांबले नाही. ते हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. वर्षानुवर्षे रोज थोडे याप्रमाणे झालेले हे काम. या आवाहनात मागितलेले चाळीस दिवस त्या मानाने फारच थोडे.

दोन पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. पहिले, डोंगराच्या प्रवचनात येशूने उपवासाचा देखावा करणाऱ्यांना झापले आहे; व्हॉट्सअॅप स्टेटस तेव्हा नव्हते, पण मोडते ते त्यातच. नेम सोबत्याला सांगावा, गावाला नाही. (बिनदारूच्या लग्नाचा जाहीरपणा वेगळा, तो शेजाऱ्याचे ओझे हलके करण्यासाठी आहे.) दुसरे, घरच्या कर्त्याने नेम घ्यायचा आणि त्याचे काम बाईने करायचे, असे होऊ नये. नवऱ्याच्या उपवासासाठी वेगळे फराळाचे रांधणारी बायको त्या दिवशी दुप्पट राबते. उपवास करणाऱ्याने आपले ताट तरी आपण घासावे.

तेव्हा राखेच्या बुधवारच्या आधीच्या रविवारी, उपासना किंवा मिस्सा आटोपल्यावर, कुटुंबांनी अर्धा तास एकत्र बसावे. नेम एकच घ्यावा आणि तो कागदावर एका ओळीत मावेल इतका स्पष्ट असावा. सोबती निवडताना नातेवाईक शक्यतो टाळावा. ते एक तर फार सोडतात, नाहीतर फार धरतात. दर शनिवारी त्याला भेटावे किंवा निदान फोन करावा. नेम मोडला तर तेही सांगावे आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू करावे, चाळीस दिवस नव्याने मोजत बसू नयेत. धर्मगुरूंनी आणि पाळकांनी आपल्या मंडळीत ज्यांना सोबती मिळत नाही, अशा एकट्या राहणाऱ्या आणि नव्याने आलेल्या माणसांच्या जोड्या लावून द्याव्यात. डब्यातले पैसे झावळ्यांच्या रविवारी मोजावेत आणि ईस्टरच्या आत, नाव न सांगता, शाळेची फी थकलेल्या एखाद्या घरी पोहोचते करावेत. ते घर आपल्याच चर्चमधले असले पाहिजे असे नाही.