लढाईचे गाव आणि पाण्याचे गाव



आपल्या जालना जिल्ह्यातल्या एका लहान गावाचे नाव साता समुद्रापलीकडे ठाऊक आहे. ते गाव म्हणजे असई. भोकरदनच्या बाजूला, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात ते वसले आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी तिथे इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली आणि दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांची गाठ पडली. इंग्रजांची दीड हजारांवर माणसे एका दिवसात मेली नाहीतर जखमी झाली, पण मैदान त्यांनी मारले. 98 तोफा त्यांच्या हाती लागल्या. त्याच वर्षी 30 डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा तह झाला आणि जालन्याचा मुलूख शिंद्यांच्या हातून निजामाकडे गेला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि 1815 साली वॉटर्लूला नेपोलियनविरुद्ध लढला. तरीही आपली सर्वात चांगली लढाई असईची, असे तो मानीत असे. स्कॉटलंडच्या 74 व्या पलटणीच्या निशाणावर आपल्या या गावाचे नाव चढले.

या लढाईतली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. वेलस्लीला केळणा ओलांडायची होती आणि समोरच्या काठावर शत्रूच्या तोफा होत्या. दुसरा उतार नाही, असे वाटाड्यांनी सांगितले. पण थोडे खाली नदीच्या दोन काठांवर दोन गावे समोरासमोर वसलेली त्याला दिसली. इतकी जवळ गावे वसली आहेत, तर मध्ये येण्याजाण्याची वाट असलीच पाहिजे, असे त्याने ताडले. उतार निघाला आणि फौज पार झाली.

म्हणजे लढाईचा निकाल ज्या वाटेने लागला, ती वाट कोणा सेनापतीने काढलेली नव्हती. बाजाराला, सोयरिकीला, गुरे घेऊन जाणाऱ्या खेडुतांनी ती रुळवली असणार. गावाची ती सोय होती. मोजदाद मात्र सेनापतीने केली, म्हणून ती तोफांची आणि पलटणीतल्या माणसांची झाली. सप्टेंबर म्हणजे रानात खरीप उभे असायचे दिवस. गावाने मोजदाद केली असती, तर तुडवलेल्या पिकांची, गेलेल्या गुरांची आणि बाटलेल्या विहिरींची झाली असती.

आता दुसरे गाव घ्या. जालना तालुक्यातले कडवंची. तिथे लढाई झाली नाही की कोणाचे निशाण फडकले नाही. चढउताराची हलकी जमीन आणि पावसाबरोबर वाहून जाणारी माती, अशी तिथली गत आपल्यासारखीच होती. 1996 ते 2002 या काळात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून तिथे काम झाले. विजयअण्णा बोराडे यांचा पुढाकार, मराठवाडा शेती साहाय्य मंडळ आणि खरपुडीचे कृषी विज्ञान केंद्र यांची साथ, आणि गावाचे श्रमदान. अठराशे हेक्टरांवर क्षेत्रात माथ्यापासून पायथ्याकडे काम उतरत गेले. आधी माथ्यावर समतल चर, मग शेतात उताराला आडवे बांध आणि शेवटी नाल्यात बांध.

हा क्रम का, हे शेती शिकलेला माणूस म्हणून सांगतो. नुसता नाल्यात बांध घातला तर दोन-चार पावसाळ्यांत तो गाळाने भरतो. वरची माती जागेवर थांबली, तर तिच्यात ओल टिकते, आणि कोरडवाहू कपाशीला आणि ज्वारीला पावसाच्या उघडिपीत हीच ओल तारते. द्राक्षे त्यानंतर आली, शेततळीही नंतरच वाढली. 2012 च्या दुष्काळात जिल्ह्यात मोसंबीच्या बागांचे सरपण झाले, तेव्हा कडवंचीच्या द्राक्षबागा तगल्या.

पण कडवंचीला ट्रॅक्टरने जाऊन, द्राक्षे बघून, फक्त शेततळे उचलून आणू नका. प्लॅस्टिक घातलेल्या तळ्यातून पाणी जमिनीत मुरत नाही. विहिरीचे पाणी उपसून ते भरले, तर सगळ्यांच्या पोटातले पाणी एकाच्या तळ्यात येते, त्यातले काही उन्हाने उडते आणि शेजाऱ्याची विहीर उन्हाळ्याआधी तळ दाखवते. 2016 साली सरकारने ‘मागेल त्याला शेततळे’ दिले. माथ्यावरचा चर मात्र कोणी एकटा मागत नाही, कारण तो सगळ्यांचा असतो. जे सगळ्यांचे आहे ते मागायला गाव एका जागी बसावे लागते.

बसायचे तर हातात कागद हवा. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत प्रत्येक गावापुढे शाळा, दवाखाना, नळ, टपाल, बस, वीज आहे का आणि नसल्यास किती लांब आहे, हे छापलेले असते. ते जरूर बघा. पण सोय कोणी उभी केली, कोणाची जमीन त्यात गेली, आज तिची अवस्था काय, हे त्यात सापडायचे नाही. ते गावानेच लिहायचे आहे. अनेक गावांचे रस्ते आणि पाझर तलाव 1972 च्या दुष्काळात आपल्या आईबापांनी खडी फोडून, टोपल्या वाहून केलेले आहेत. त्यातली माणसे आता थोडी उरली आहेत. ती गेली की बांध कोणी घातला हे सांगणारे कोणी राहणार नाही, आणि गाळ काढायला वाली उरणार नाही.

म्हणून प्रत्येक गावाने एक दोनशे पानी वही घालावी. त्यात पुढील गोष्टी लिहाव्यात :

1. गावातली प्रत्येक सार्वजनिक विहीर, आड आणि हातपंप. पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते. दलित वस्तीला तिथे मोकळेपणी पाणी भरता येते का.

2. प्रत्येक तलाव आणि नालाबांध. कोणत्या साली झाला, शेवटचा गाळ कधी निघाला.

3. गायरान किती होते आणि आज किती उरले.

4. पाणंद रस्ते, कुठे मोडले, कुठे नांगरले गेले.

5. शाळा, दवाखाना, एसटी. कागदावर काय आणि प्रत्यक्षात काय.

वही भरताना बाया बरोबर असू द्या. पाण्याचा खरा हिशेब हंडा वाहणारीला ठाऊक असतो. मग ती ग्रामसभेत मोठ्याने वाचा, ठरावात घ्या आणि नक्कल स्वतःजवळ ठेवा. कोणाचे अतिक्रमण निघेल, कोणी नाराज होईल. भांडण आज झालेले परवडेल. तलाव बुजल्यावर भांडायलाही काही उरत नाही.

असईची मोजदाद परक्याने केली. तुमच्या गावाची तुम्ही करा. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना वही बरोबर आणा.