हायवेवरची परमिट रूम: कोर्टाच्या बंदीतून वाचली, पण बिलात अडकली

मुंबईहून अहमदाबादकडे निघालं आणि वसईची खाडी ओलांडली, की थोड्याच वेळात चिंचोटी येतं. इथूनच कामणमार्गे भिवंडीचा रस्ता फुटतो. ट्रक, टेम्पो, कंटेनर, सगळ्यांची गाठ या नाक्यावर पडते. अशा नाक्यांच्या आसपासच हायवेवरच्या 'फॅमिली रेस्टॉरंट अँड बार'चा धंदा वाढला. आता मात्र राज्यभरातले परमिट रूमवाले म्हणतायत, गणित बसत नाही. नेमकं काय बिनसलं?

आधी हे वाढले कसे?

महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा आजही आहे. दारू प्यायला परवाना लागतो, म्हणूनच बारच्या पाटीवर 'परमिट रूम' लिहिलेलं असतं. साठच्या दशकात बंदी सैल झाली आणि बारना वाट मिळाली. यातले बरेच मालक उडुपी-मंगळूरकडचे.

हायवेवर शहरापेक्षा जागा मोकळी आणि पार्किंगची चिंता नाही. स्टेशन लांब असलं तरी बिघडत नाही, कारण गिऱ्हाईक स्वतःच्या गाडीने येतं. धंद्याची ताकद हीच आणि खरी गोमही हीच. गाडीने आलेला माणूस पिऊन परत गाडीनेच जाणार.

मग कोर्ट मध्ये आलं

2015 मध्ये देशात रस्ते अपघातांत सुमारे 1 लाख 46 हजार लोक गेले. 15 डिसेंबर 2016 ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नको. 1 एप्रिल 2017 पासून तो लागू झाला. 20 हजार किंवा त्याहून कमी लोकसंख्येच्या भागात हे अंतर 220 मीटर केलं गेलं. एका रात्रीत महाराष्ट्रातल्या हजारो दुकानांना आणि बारना टाळं लागलं. वेटर, आचारी, सगळेच घरी बसले.

लगेच पळवाटाही निघाल्या. केरळमधल्या नॉर्थ परवूरच्या एका बारने तर दारापुढे भुलभुलैया बांधला, म्हणजे चालत यायचं अंतर वाढेल! चंदीगडने शहरातल्या रस्त्यांचा 'महामार्ग' हा दर्जाच काढून टाकला. हा वाद कोर्टात गेल्यावर 11 जुलै 2017 ला स्पष्टीकरण आलं, की पालिका हद्दीतल्या परवान्यांना ही बंदी लागू नाही.

इथे चिंचोटीसारख्या ठिकाणांचं नशीब बदललं. चिंचोटी वसई-विरार महापालिकेत येतं, त्यामुळे हायवे अंगणातून गेला तरी सूट मिळाली. त्याच हायवेवर पुढे ग्रामपंचायतीच्या हद्दीत असलेल्या बारला मात्र फेब्रुवारी 2018 पर्यंत थांबावं लागलं. तेव्हा कोर्टाने ग्रामपंचायत भागाचा निर्णय राज्यांवर सोडला. रस्ता एक, गाड्या त्याच, फक्त हद्द वेगळी.

आता फटका कुठून बसतोय?

कोर्टातून सुटका झाली, पण करातून झाली नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये परमिट रूममधल्या मद्यावरचा व्हॅट 5 वरून 10 टक्के झाला. 2025 मध्ये परवाना शुल्क 15 टक्के वाढलं. 10 जून 2025 ला मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क उत्पादन खर्चाच्या तिप्पट होतं ते साडेचार पट केलं. यातून सरकारला वर्षाला 14 हजार कोटींच्या जादा महसुलाची अपेक्षा होती. 115-130 रुपयांची क्वार्टर थेट 205 वर गेली. 14 जुलै 2025 ला बारमालकांच्या 'आहार' संघटनेने राज्यभर बंद पाळला.

शुल्कवाढ वाईन शॉपलाही लागली, मग बारच का रडतोय? कारण बारमध्ये त्याच क्वार्टरवर मालकाचा नफा, चखणा आणि 10 टक्के व्हॅट चढतो. किंमत जितकी वाढते, तितका हा फरकही रुपयांत वाढतो. शिवाय पिऊन गाडी चालवताना पहिल्यांदा सापडलात तर 10 हजारांचा दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. साहजिकच बाटली घेऊन घरी बसणं स्वस्त पडतं.

मग रस्ता सुरक्षित झाला का?

खरा प्रश्न हाच आहे. कोर्टाने मीटर मोजले, सरकारने महसूल मोजला. पण हायवेवर रात्री अकराला उठलेलं गिऱ्हाईक घरी कसं जाणार, याची सोय या सगळ्यात कुठेच नाही. बार बंद पडले तर वेटरची नोकरी जाईल. चालू राहिले तर गाडीची चावी गिऱ्हाइकाच्याच खिशात असेल. आणि बार बंद पडला म्हणून पिणं थांबेल असंही नाही. वाईन शॉपच्या बाहेर, गाडीतच बाटली उघडली गेली, तर तिथे थांबवणारा वेटरही नसेल.