मार खाणारा सीनियर

'सीनियर' म्हटलं की होस्टेलवर नव्याने आलेल्या पोराच्या पोटात का गोळा येतो, हे मी सांगायला नको. गेल्या वर्षी एका सेमिस्टरसाठी जपानच्या एका विद्यापीठात होतो. तिथल्या केंडो क्लबमध्ये नाव घातलं आणि या शब्दाचा दुसराच अर्थ कळला.

केंडो म्हणजे बांबूच्या तलवारीचा खेळ. या तलवारीला 'शिनाई' म्हणतात. बांबूच्या चार पट्ट्या चामड्याने बांधलेल्या. कॉलेजच्या मुलांसाठी लांबी १२० सेंटिमीटरपर्यंत, वजन किमान ५१० ग्रॅम. नवख्याला चिलखत लगेच मिळत नाही. आधी अनवाणी पायांनी लाकडी फरशीवर सरकायचं आणि हवेत वार करायचे. तळव्यांना फोड येतात ते फुकट!

मग खरा फटका मारायची वेळ येते. पण मारायचा कोणाला? सीनियरला! तो चिलखत घालून समोर उभा राहतो, आपली शिनाई बाजूला घेतो आणि डोकं मोकळं करून देतो. या भूमिकेला 'मोतोदाची' म्हणतात. नुसतं उभं राहणं नव्हे हे. नवख्याचं अंतर बघून नेमक्या क्षणी जागा द्यावी लागते. नवख्याचा नेम चुकला की फटका बसतो कोपरावर, आणि तिथे चिलखत नसतं!

जपानात सगळं आलबेल आहे असं अजिबात नाही. २००९ साली ओइता प्रांतात केंडोच्या सरावात उष्माघाताने एक शाळकरी मुलगा गेला. शिस्तीच्या नावाखाली जाच तिथेही होतो. म्हणून मला तिथली शिस्त इथे आणायची नाही. आणायचा आहे तो फक्त मोतोदाची.

यूजीसीचे रॅगिंगविरोधी नियमही २००९ चेच. दरवर्षी आपण प्रतिज्ञापत्र भरतो, 'इंट्रो' मात्र चालूच असतो. सीनियरने काय करू नये हे नियम सांगतो. काय करावं हे आपणच ठरवायला हवं. माझं म्हणणं एवढंच, की सेकंड इयरच्या प्रत्येकाने फर्स्ट इयरचा एकेक जण वाटून घ्यावा. जर्नल छापायला देणं ही मदत नव्हे, ती सुटका. ड्रॉइंगची शीट समोर ठेवून त्याचे बावळट प्रश्न महिनाभर झेलणं, ही मदत.

बॉस, मारण्याचा हक्क वर्ष वाढलं की आपोआप मिळतो असं आपल्याकडे समजतात. झेलण्याची ताकद मात्र कमवावी लागते.