रानपिंगळ्याचा खरा पत्ता

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याला आपल्या तालुक्यातील जैवविविधतेचा नकाशा तयार करायला आज फारसा खर्च येत नाही. उपग्रहांची चित्रे मोफत मिळतात, क्यूजीआयएस ही नकाशाप्रणाली विनामूल्य आहे आणि जीपीएस खिशातल्या मोबाइलमध्येच आहे. भूगोल, पर्यावरणशास्त्र, वनस्पतिशास्त्र या विषयांत असे प्रकल्प होतातही. पण गुण मिळाले की बहुतेक नकाशे कपाटात जातात आणि ज्या शिवारात विद्यार्थी फिरला, त्या गावाच्या हाती काहीच लागत नाही. हे नुकसान मोठे आहे. ठिकाणाच्या नोंदीला किती मोल असते, याचा धडा खान्देशाला रानपिंगळ्याने दिला आहे.

अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ मध्ये वर्णिलेल्या या लहानशा घुबडाचे नमुने सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी खान्देशात गोळा केले होते. १८८४ नंतर मात्र शंभराहून अधिक वर्षे या पक्ष्याची एकही विश्वासार्ह नोंद झाली नाही. पक्षीसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्‌झहॅगन यांच्या संग्रहातील एका नमुन्याच्या चिठ्ठीवर १९१४ हे साल आणि तापीकाठचे मांडवी हे ठिकाण होते. नंतरच्या शोधांना त्या चिठ्ठीने चुकीची दिशा दिली. तो नमुना डेव्हिडसन यांनीच जमवलेला, संग्रहालयातून चोरून नव्याने भुसा भरलेला होता, असे पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या तपासात उघड झाले. खोटी चिठ्ठी बाजूला ठेवून जुन्या अस्सल नोंदींच्या मागावर निघालेल्या रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांना २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यातच होते. नंदुरबार वेगळा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. एका खोट्या पत्त्याने इतके घडू शकते, म्हणून विद्यार्थ्याच्या वहीतील प्रत्येक नोंदीला अचूक अक्षांश-रेखांश, तारीख आणि निरीक्षकाचे नाव असलेच पाहिजे.

नोंदीनंतरचे काम उपग्रह चित्रांचे. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या चित्रातील एक ठिपका जमिनीवरचा १० मीटर लांब-रुंद तुकडा दाखवतो. झाडोऱ्याचा हिरवेपणा लाल आणि अवरक्त प्रकाशाच्या परावर्तनावरून मोजतात. खान्देशात इथेच फसगत होते. सातपुड्यातला साग, सालई, अंजन यांचा रानपट्टा पानगळीचा आहे. एप्रिलच्या चित्रात यावल अभयारण्याचे डोंगर तपकिरी, जवळजवळ उघडे दिसतात आणि पायथ्याच्या रावेर-यावलच्या केळीच्या बागा मात्र ठिबकच्या पाण्यावर हिरव्यागार असतात. संगणकाला एवढे एकच चित्र दिले तर तो केळीला दाट जंगल आणि खऱ्या जंगलाला पडीक जमीन ठरवू शकतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरचे आणि एप्रिलचे अशी दोन्ही चित्रे एकमेकांशी ताडून पाहावी लागतात आणि शंकेच्या जागी पायी जाऊन खात्री करावी लागते. पायी जाणारा विद्यार्थी त्याच भागातला असला तर त्याला चित्रातले चौकोन पाहताच बाग कुठली आणि रान कुठले हे कळते. दूरच्या प्रयोगशाळेत बसलेल्याला ही सोय नाही.

केळीचा हा प्रश्न वर्गीकरणापुरता राहत नाही. मुक्ताईनगर तालुक्यातील मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र २०१४ मध्ये घोषित झाले आणि तेथील डोलारखेडा परिसरात केळीच्या बागांतही वाघाचा वावर आढळला आहे. मेळघाटाकडून यावलकडे येणारी वाघाची वाट वनखात्याच्या हद्दीत संपत नाही. शेते, नाले, रस्ते ओलांडत जाते. कोणता नाला झाडोऱ्याने अजून जोडलेला आहे आणि कुठे तुटला आहे, हे गावोगावच्या विद्यार्थ्यांनी नकाशावर आणले तर वनविभागाच्या हाती कामाची माहिती येईल.

धुळ्याकडे प्रश्न वेगळा आहे. लळिंगसारखी कुरणे आणि साक्री तालुक्यातील माळरान यांना ‘पडीक’ म्हणण्याची सरकारी सवय जुनी आहे. पडीक ठरलेली जमीन पवनचक्क्या, सौरप्रकल्प किंवा सरसकट वृक्षलागवडीसाठी सहज मोकळी समजली जाते. गवताळ रान ही स्वतंत्र परिसंस्था आहे, तिच्यावर पक्षी, लांडगे आणि मेंढपाळ जगतात, हे दाखवायला नकाशाइतका ठोस पुरावा नाही. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक यांनी २०२२ मध्ये देशाच्या निमकोरड्या पट्ट्यातील खुल्या नैसर्गिक परिसंस्थांचा नकाशा प्रसिद्ध केला. त्याची तालुका पातळीवर पडताळणी करणे हा धुळ्यातील विद्यार्थ्यांसाठी तयार विषय आहे.

विद्यार्थ्यांकडून एवढी अपेक्षा कशी ठेवावी, असे कोणी विचारील. जीवसृष्टीच्या नोंदींसाठी जगभर वापरले जाणारे आयनॅचरलिस्ट हे संकेतस्थळ २००८ मध्ये अमेरिकेतील बर्कले येथील विद्यार्थ्यांच्या पदव्युत्तर प्रकल्पातूनच जन्मले. १९९० च्या दशकात माधव गाडगीळ यांनी पश्चिम घाटातील महाविद्यालयांचे शिक्षक-विद्यार्थी जोडून जैवविविधतेच्या नोंदींचे जाळे उभे केले, तेही स्मार्टफोन नसताना.

हे काम उतरवायची जागा कायद्याने करून ठेवली आहे. जैविक विविधता अधिनियम २००२ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. वर्गातल्या नकाशाला या नोंदवहीत स्थान मिळाले, तर खाणपट्टा किंवा रस्त्याचा प्रस्ताव आल्यावर ग्रामसभेच्या हाती कागद असेल. जळगाव शहरालगतचे लांडोरखोरी जैवविविधता वारसा स्थळ झाले. अशा आणखी जागांचा दावा नकाशावाचून टिकणार नाही. भिल्ल, पावरा, तडवी कुटुंबांकडून मिळालेली वनस्पतींची नावे व उपयोग त्यांच्या संमतीनेच नोंदवले जावेत आणि दुर्मीळ पक्ष्याच्या घरट्याचे नेमके ठिकाण जाहीर नकाशावर कधीही देऊ नये. धोक्यातील प्रजातींची जागा आयनॅचरलिस्टवरही मुद्दाम धूसर केली जाते.

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने यासाठी एक साधा नियम करावा: जैवविविधतेवरील प्रत्येक विद्यार्थी प्रकल्पाची नकाशा-फाइल आणि मूळ नोंदी विद्यापीठाच्या एकाच भांडारात जमा व्हाव्यात आणि त्यांची मराठी प्रत संबंधित गावाच्या समितीला पोहोचल्यावरच प्रकल्प पूर्ण मानला जावा. त्यासाठी नव्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही; येत्या शैक्षणिक वर्षापासून हे सुरू करता येईल.