झुडपी आमची, हिरवा शिक्का कंपनीचा





आजकाल सगळ्या कंपन्या 'हिरव्या' होऊन राहिल्या. कारखाना हिरवा, वीज हिरवी, सिमेंटची गोणीसुद्धा हिरवी. धूर कमी झाला, पाणी कमी लागलं, तर आमच्या पोटात काहून दुखावं? आमचा सवाल एवढाच आहे : हा हिरवा रंग कुठून आणून राहिले?

आपल्या तिरोड्याचं वीजकेंद्र पाहा. ६६० मेगावॅटचे पाच संच, एकूण ३३०० मेगावॅट. तंत्र 'सुपरक्रिटिकल'. म्हणजे तेवढ्याच विजेला कोळसा थोडा कमी लागतो. हे खरं आहे. पण जळतो तो कोळसाच, आणि राख पडतेच. तरीही या तंत्राच्या कोळसा केंद्रांना कार्बन क्रेडिटच्या यादीत जागा मिळाली. थोडा कमी धूर काढला त्याला बक्षीस. आणि ज्यांनी पिढ्यान्पिढ्या जंगल राखलं, त्यांचं नाव काय? अतिक्रमणदार!

आता पुढचा डाव समजून घ्या. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२३ मध्ये ग्रीन क्रेडिटचे नियम काढले. कंपनी पैसे भरते, वनविभाग 'अवनत' जमीन दाखवतो आणि तिच्यावर झाडं लावतो. अवनत म्हणजे विरळ जंगल, झुडपं, पडीक. फेब्रुवारी २०२४ मध्ये हिशेब ठरला : हेक्टरी किमान ११०० झाडं, एका झाडाला एक क्रेडिट. ऑगस्ट २०२५ मध्ये तो बदलला. आता पाच वर्षं व्हावी लागतात आणि ४० टक्के सावली धरावी लागते. हे क्रेडिट कंपनीला पर्यायी वनीकरणाच्या जागी दाखवता येतं. सरळ भाषेत सांगायचं तर, एकीकडे जंगल तोडायचं आणि दुसऱ्याच्या कुरणात लावलेली झाडं दाखवून हिशेब मिटवायचा.

पण पडीक कोणाच्या नजरेत? तिथं आमची ढोरं चरतात. पावसाळ्यात तरोट्याची भाजी मिळते. चुलीच्या काड्या तिथूनच येतात. तेंदूचं चांगलं पान उन्हात वाढलेल्या बुटक्या झुडपालाच येतं, आणि मे महिन्यात घरात रोख पैसा येतो तो त्या पानाचाच. कुंपण घातलं, चराई बंद केली, वरून दाट सावली केली, तर झुडूप कुठं राहील आणि पुडा कशाचा बांधायचा? ज्या जमिनीची नोंद निस्तार पत्रकात आहे, ती ओसाड कशी?

काही जण म्हणतील, आदिवासी झाडांच्या विरोधात बोलून राहिले. बाप्पा, झाडाच्या विरोधात आम्ही कधीच नव्हतो! मोह, चारोळी, बांबू, आवळा कुठं लावायचा आणि गुरांची वाट कुठून सोडायची, हे ग्रामसभा ठरवेल. कंपनीने आपला धूर आपल्या चिमणीत कमी करावा. आमच्या कुरणात नव्हे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पूर्व विदर्भातलं झुडपी जंगल हे वनच आहे. पर्यायी वनीकरणासाठी झुडपी वापरायची तर बिगर-वनजमीन उपलब्ध नाही असं मुख्य सचिवांचं प्रमाणपत्र लागेल, असंही सांगितलं. मग आम्ही विचारतो : झुडपी वन आहे ना? तर २००६ चा वनहक्क कायदाही तिथं लागू आहे. त्या कायद्यात मानीव वन आणि अवर्गीकृत वनही येतं. बंदी घालताना वन आणि हक्क मागताना पडीक, असं दुतोंडी बोलणं चालणार नाही.

आपला गोंदिया जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही, म्हणून पेसा आपल्याला लागू नाही. आपलं हत्यार वनहक्क कायदा आहे. ते गंजू देऊ नका. येत्या ग्रामसभेत ही कामं करा :

१. वनहक्क समितीने झुडपी, कुरण, तलावाचा काठ, ढोरांची वाट पायी फिरून नकाशावर घ्यावी. म्हाताऱ्यांना सोबत न्यावं. सामूहिक वनसंपत्तीचा दावा राहिला असेल तर दाखल करावा.

२. आपल्या गावाचा कोणता गट ग्रीन क्रेडिटसाठी किंवा पर्यायी वनीकरणासाठी दाखवला आहे, हे वनविभागाला लेखी विचारावं.

३. दावा निकाली निघेपर्यंत आमच्या जमिनीवर खड्डा खोदू नये, असा ठराव कलम ५ च्या अधिकारात घ्यावा. बायांच्या सह्या आधी.

४. प्रत्येक कागदाची पोच घ्यावी. तोंडी आश्वासन रद्दी समजावं.

जंगल आम्ही राखलं. हिरवा शिक्का मारायचाच असेल तर तो ग्रामसभेच्या ठरावावर मारा.

जय सेवा! लढा चालू आहे!