प्रोसेसरचा वेग आणि सुरक्षेची किंमत

संगणकाच्या प्रोसेसरमधील ‘मेल्टडाउन’ आणि ‘स्पेक्टर’ हे दोन दोष ३ जानेवारी २०१८ रोजी जगासमोर आले. गुगलचे ‘प्रोजेक्ट झिरो’ पथक व ऑस्ट्रियातील ग्राझ तंत्रज्ञान विद्यापीठ यांच्यासह अनेक संशोधकांनी ते शोधून काढले होते. हे दोष एखाद्या सॉफ्टवेअरमधील चुकीमुळे नव्हे, तर प्रोसेसरच्या मूळ रचनेतूनच उद्भवले होते.

मुख्य स्मृतीतून माहिती येईपर्यंत प्रोसेसरचा बराच वेळ वाया जातो. तो वाचवण्यासाठी प्रोसेसर अंदाज बांधून पुढील आज्ञा आधीच पार पाडतो. अंदाज चुकल्यास ते काम रद्द होते. मात्र त्याच्या खुणा ‘कॅश’ स्मृतीत उरतात. तेथील माहिती वाचण्यास लागणारा वेळ मोजून पासवर्डसारखी गोपनीय माहिती मिळवता येते.

मेल्टडाउनचा फटका प्रामुख्याने इंटेलला बसला. स्पेक्टरची झळ एएमडी आणि एआरएम यांच्या रचनांनाही पोहोचली. मेल्टडाउनवर उपाय म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमची स्मृती स्वतंत्र ठेवण्यात आली, परंतु त्यामुळे काही कामांचा वेग मंदावला. स्पेक्टरवर मात्र एकच रामबाण उपाय सापडलेला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये इंटेलच्या प्रोसेसरमधील ‘डाउनफॉल’ हा याच प्रकारचा दोष उघड झाला.

क्लाउड सेवेत अनेक ग्राहकांची माहिती एकाच यंत्रावर असते. त्यामुळे हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांपुरता मर्यादित राहिलेला नाही. वेग की सुरक्षितता, ही निवड आता संगणकाच्या प्रत्येक वापरकर्त्याशी निगडित आहे.